जमिनीत जिरणारे आच्छादन : नाव नको, मेळ पहा

कृषि अधिकारी, म्हसावद (ता. शहादा, जि. नंदुरबार)

पिकाच्या बुडाशी आच्छादन घालण्याची रीत आपल्या भागास नवी नाही. उसाचे पाचट, केळीची वाळलेली पाने, काडीकचरा पसरून जमिनीतील ओल धरून ठेवणे व तण दाबणे हे आपले वाडवडील करीत आले आहेत. अलीकडे मात्र त्यांची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. म्हसावदपासून शहाद्यापर्यंतच्या पट्ट्यात मिरची, पपई व टरबूज यांच्या गादीवाफ्यांवर काळा-चंदेरी मल्चिंग पेपर सर्रास अंथरलेला दिसतो. त्याचे फायदे खरे आहेत. ठिबकाचे पाणी पुरवठ्यास येते, निंदणीची मजुरी वाचते आणि फळ ओल्या मातीस टेकत नाही. तेव्हा प्रस्तुत लेख या पद्धतीच्या विरुद्ध नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

प्रश्न आहे तो पीक निघाल्यानंतरचा. त्यावर तोड म्हणून “जमिनीत विरघळणारा”, “जैवविघटनशील” अशी नावे लावून निराळा पेपर विकावयास येऊ लागला आहे. शेतकरी बंधू विचारतात, “साहेब, हा घ्यावा काय?” गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याचे उत्तर काय द्यावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. केवळ नावावर विसंबून कोणीही शिफारस करू नये. असा पेपर एकाच पदार्थाचा सहसा नसतो. तो दोन-तीन पदार्थांचे मिश्रण असतो. त्या पदार्थांचा एकमेकांशी मेळ बसला आहे काय आणि ते मिश्रण आपल्या काळ्या जमिनीत, आपल्या हवामानात किती काळाने जिरते, या दोन गोष्टी पाहिल्यावाचून शिफारस करणे म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीवर परस्पर प्रयोग करणे होय.

एकरी हिशेब

प्रथम साध्या पेपरचा हिशेब पाहू. २५ मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा पेपर चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम भरतो. १·२ मीटर रुंद व ४०० मीटर लांब अशा एका रोलचे वजन त्यामुळे ११ किलो होते. पाच फुटांवर गादीवाफे काढल्यास एकरी पावणेसात रोल, म्हणजे सुमारे ७५ किलो प्लॅस्टिक लागते. पीक निघाल्यावर मजूर लावून पेपर गोळा केला, तरी मातीत दाबलेल्या कडा तुटून आतच राहतात. दहावा हिस्सा राहिला असे धरले, तर दर खेपेस साडेसात किलो तुकडे एकरात मुरतात. अशी दहा पिके घेतली म्हणजे एका संपूर्ण एकराचा पेपर जमिनीत पुरल्यासारखे झाले. नांगर व रोटाव्हेटर त्याचे बारीक तुकडे करतात, परंतु त्याची माती होत नाही. मातीतील जिवाणूंना पॉलिथिन पचत नाही. तुकडे वाढत गेले की मुळांची वाट अडते व पाणी सारखे मुरत नाही. बांधावर टाकलेले तुकडे गुरांच्या पोटात जातात, आणि पेटवून दिले तर धूर आपल्याच घरात येतो.

ही अडचण आपल्यापुरती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात शेती व पशुपालनात दरवर्षी सव्वा कोटी टन प्लॅस्टिकच्या वस्तू वापरल्या जातात असा अंदाज दिला आहे. चीनमध्ये कापसाच्या शेतांत अतिशय पातळ पेपरचे तुकडे साचू लागले, तेव्हा तेथील सरकारने २०१८ पासून पेपरची किमान जाडी १० मायक्रॉन ठरविली, ती एवढ्यासाठी की तो उचलताना फाटू नये. यावरून जिरणाऱ्या पेपरचा शोध का चालू आहे, हे ध्यानात येईल. शोध योग्य आहे. त्याच्या नावाने चालणारा सर्वच व्यापार योग्य आहे, असे मात्र नाही.

मेळ का बसत नाही

प्लॅस्टिक ज्या जातीच्या पदार्थांचे बनते, त्यांना शास्त्रात बहुवारिके म्हणतात. एकच लहान रेणू माळेतील मण्याप्रमाणे हजारोंनी जोडला गेला म्हणजे बहुवारिक तयार होते. हे पदार्थ आपणांस अपरिचित नाहीत. ज्वारी-मक्यातील पिष्ट म्हणजे स्टार्च हे बहुवारिकच होय, आणि कापसाचा तंतूही बहुवारिकच. जिरणाऱ्या पेपरात सामान्यतः तीन पदार्थ येतात. पहिले मक्याचे वा बटाट्याचे स्टार्च. दुसरे पीएलए, हे साखर वा स्टार्च आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून करतात. तिसरे पीबीएटी, हे बहुधा खनिज तेलापासून करतात, तथापि त्याची रचना अशी असते की मातीतील बुरशी व जिवाणू ते पचवू शकतात. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथील शास्त्रज्ञांनी खुणेचा कार्बन घालून केलेले पीबीएटी मातीत ठेवून पाहिले. तो कार्बन काही अंशी वायुरूपाने बाहेर पडला व काही अंशी सूक्ष्मजीवांच्या शरीरात गेला, असे त्यांनी २०१८ साली दाखवून दिले.

यांपैकी एकटा कोणताही पदार्थ पुरा पडत नाही. स्टार्चचे गुणदोष आपल्या खानदेशातील गृहिणी उत्तम जाणतात. उन्हाळ्यात बिबडे करताना ज्वारीचे पीठ पाण्यात शिजवून घाटा करतात. उष्णतेने व पाण्याने पिठाचे कण फुगून फुटतात, घाटा चिकट होतो व कापडावर पातळ पसरतो. तोच बिबडा वाळला की कडकन मोडतो आणि पुन्हा पाणी लागले की लिबलिबीत होतो. कारखान्यात पाण्याबरोबर ग्लिसरीन घालून स्टार्च शिजवितात, म्हणून ते काहीसे लवचीक राहते. परंतु पाण्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही तो नाहीच. पीएलए ताठ व चकचकीत असते, पण ठिसूळ. पीबीएटी मऊ असून पुष्कळ ताणले तरी तुटत नाही, पण ते महाग पडते व त्याला ताठपणा कमी. यास्तव एकाचा स्वस्तपणा, दुसऱ्याचा ताठपणा आणि तिसऱ्याची लवचीकता एकत्र आणण्यासाठी मिश्रण करावे लागते.

अडचण येथेच सुरू होते. पाणी आणि स्पिरिट यांचे रेणू लहान व सुटे असल्याने ते सहज मिसळतात. बहुवारिकांच्या माळा लांबलचक असतात. त्यांतील मणी एकमेकांना बांधलेले असल्याने मिसळण्याची त्यांना ओढ फारच थोडी असते. फ्लोरी व हगिन्स या दोन शास्त्रज्ञांनी १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच याचे गणित मांडले होते. पैकी फ्लोरी यांस पुढे १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून स्टार्चला पाण्याची आवड, तर पीएलए व पीबीएटी यांना पाण्याचे वावडे. असे पदार्थ वितळवून एकत्र घोटले तरी आतून वेगळेच राहतात. एकाच्या पोटात दुसऱ्याचे थेंब वा कण असतात, आणि त्यांच्या सीमेवर पकड नसते. पेपर ताणला की प्रथम त्या सीमा उकलतात व तेथूनच तो फाटतो.

मेळ घालणारा पदार्थ

यावरील उपाय शेतकऱ्याच्या नेहमीच्या व्यवहारातला आहे. कडुनिंबाचे तेल फवारावयाचे असते, तेव्हा ते नुसते पाण्यात ओतून चालत नाही. तेल वर तरंगते. थोडा साबण घातला की दुधासारखे पांढरे मिश्रण होते, कारण साबणाच्या रेणूचे एक टोक तेलास व दुसरे पाण्यास धरते. तेलाचे थेंब बारीक होतात आणि पुन्हा एकत्र येत नाहीत. बहुवारिकांच्या मिश्रणातही असाच एक मेळ घालणारा पदार्थ लागतो. मॅलेइक अॅनहायड्राइड नावाचे रसायन पीएलएच्या माळेवर कलमासारखे बांधतात. त्याचे मोकळे टोक स्टार्चला जोडले जाते व माळेचा उरलेला भाग पीएलएमध्ये गुंतून राहतो. पीएलए व पीबीएटी यांच्यासाठी दोन्हींच्या टोकांना जोडणारी एपॉक्सी जातीची रसायने वापरतात. लिंबात असणाऱ्या सायट्रिक आम्लाचाही यासाठी उपयोग करून पाहिला गेला आहे. हे पदार्थ थोडेच लागतात, पण त्यांच्यावाचून मिश्रण नावापुरते राहते.

साबण घालूनही नीट ढवळले नाही तर फवारा बिघडतो. तसेच येथेही आहे. जुळ्या मळसूत्रांच्या यंत्रात ठराविक उष्णतेवर घोटणे आणि कच्चा माल कोरडा ठेवणे, ही दोन्ही पथ्ये पाळावी लागतात. मालात ओल राहिली तर उष्णतेमुळे तेच पाणी पीएलए व पीबीएटीच्या माळा तोडते आणि पेपर कमजोर निघतो. म्हणून दोन कारखान्यांनी तेच तीन पदार्थ त्याच प्रमाणात घेतले, तरी पेपर सारखा होईलच असे नाही.

मागील धडा

चुकीचे मिश्रण म्हणजे काय, याचे उदाहरण इतिहासात आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये पॉलिथिनमध्ये स्टार्चचे कण मिसळून प्लॅस्टिक करण्याची युक्ती निघाली. स्टार्च जिवाणूंनी खाल्ले, पेपरास भोके पडली, तो चुरला आणि पाहणाऱ्यास वाटले की तो जिरला. वस्तुतः पॉलिथिन जेथल्या तेथे होते, केवळ अधिक बारीक झाले होते. पुढे पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार घालून ते उन्हात व हवेत लवकर तुटेल असे प्लॅस्टिक निघाले. त्याला ऑक्सो-विघटनशील म्हणतात. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा प्लॅस्टिकवर बंदी घातली. तुटणे आणि पचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोळ्यांना दिसेनासा झालेला तुकडा मातीत नाहीसा झाला, असे समजणे ही मोठी फसगत आहे.

याच कारणाने मेळाचा प्रश्न केवळ पेपरच्या मजबुतीचा नाही. मिश्रणातील घटक पचण्याच्या वेगातही एकमेकांना साजेसे असले पाहिजेत. स्टार्च पहिल्याच पावसाळ्यात संपले व पीएलएचे तुकडे पुढे कित्येक हंगाम पडून राहिले, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने तो पेपर जिरणारा नव्हेच.

खतखड्डा निराळा, शेत निराळे

विक्रेते पुष्कळदा “कंपोस्ट होणारा” असे प्रमाणपत्र दाखवितात. ते खोटे नसेलही, पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक कंपोस्ट होण्याविषयी आहे. त्याच्या चाचण्या सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेच्या, ओलसर, चालू कंपोस्टात होतात. पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांवर मऊ पडते, म्हणून तशा उष्णतेत ते लवकर विघटते. परंतु वीतभर खोलीच्या मातीत तेवढी उष्णता नसते व तेथे त्याला फार वेळ लागतो. शेतात अंथरण्याच्या पेपरसाठी युरोपात २०१८ साली ईएन १७०३३ हे वेगळे मानक झाले. त्यानुसार साध्या मातीत, २० ते २८ अंशांच्या दरम्यान, दोन वर्षांच्या आत ९० टक्के कार्बन वायुरूपाने बाहेर पडल्याचे दिसावे लागते. २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनेही अशा पेपरसाठी आयएसओ २३५१७ हे मानक काढले. यास्तव विक्रेत्यास विचारावयाचे ते हे, की प्रमाणपत्र मातीतील विघटनाचे आहे की कंपोस्टातील.

आपल्याकडे २०२४ च्या दुरुस्तीनंतर प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत, जैवविघटनशील प्लॅस्टिकने सूक्ष्म तुकडे मागे ठेवू नयेत असे म्हटले आहे, आणि विक्रीपूर्वी उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे आवश्यक केले आहे. ते मागण्याचा शेतकऱ्यास पूर्ण अधिकार आहे. त्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.

तथापि मानक झाले तरी ते परमुलखातील मातीत पाहिलेले असते. सातपुड्याच्या पायथ्याची आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट होते. पाण्यावाचून जिवाणू काम करीत नाहीत. म्हणजे कोरडवाहू रानात पेपर जिरण्याचे काम मुख्यतः पावसाळ्याच्या महिन्यांतच होणार. मे महिन्याच्या उन्हात काळा पेपर हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापतो, आणि कडक उन्हाने पीबीएटीच्या माळा एकमेकींत गुंतून पचण्यास जड होतात. या गोष्टी येथेच पाहाव्या लागतील.

पीक पाहून पेपर

सर्व पिकांना एकच पेपर चालणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. टरबूज अडीच-तीन महिन्यांत निघते. मिरची सहा-आठ महिने उभी राहते. पपईचा पेपर दीड वर्षाहून अधिक काळ टिकावा लागतो. जो पेपर टरबुजास योग्य, तो पपईत मध्येच फाटेल. आणि पपईत टिकणारा टरबुजानंतरच्या पिकास नडेल. माझ्या मते आज जिरणारा पेपर करून पाहावयाचा तर टरबूज व मिरची या पिकांतच, आणि तोही थोड्या जागेत. पपईस जाड पॉलिथिनच घालून तो सबंध उचलावा, अथवा पाचटाचे जाड आच्छादन करावे. जिरणारा पेपर महाग पडतो हे खरे. परंतु तुलना करताना साधा पेपर गोळा करण्याची मजुरीही त्याच्या खर्चात धरली पाहिजे.

शेतावरची परीक्षा

कार्यकर्त्यांनी पुढील परीक्षा एखाद्या होतकरू शेतकऱ्याच्या शेतावर करून पाहावी. तीस यंत्रसामग्री लागत नाही.

१. पेपरच्या इंचभर रुंदीच्या पट्ट्या लांबीत व रुंदीत कापून हाताने ताणून पाहाव्या. एका दिशेने सहज फाटत असेल, किंवा घडी घालताच पांढरी रेघ उमटत असेल, तर घटकांची पकड कमी असण्याचा संभव आहे.

२. तशाच पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजवून पुन्हा ताणाव्या. भिजल्याने फार कमजोर झाल्या, तर स्टार्च नीट बांधले गेलेले नाही असा संशय घ्यावा.

३. वीतभर चौरसाचे सहा तुकडे वजन करून, नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशव्यांत वेगवेगळे भरून, मृगाच्या सुमारास वीतभर खोल पुरावे. शेजारी तेवढेच साध्या पॉलिथिनचे आणि सुती कापडाचे तुकडे पुरावे. कापड कुजले नाही, तर त्या जागी ओल व जिवाणू पुरेसे नाहीत असे समजावे व पेपरास दोष देऊ नये.

४. दर दोन महिन्यांनी एकेक पिशवी काढून, तुकडा हलक्या हाताने धुऊन, वाळवून वजन करावे. पेपर सर्वत्र सारखा पातळ होत जातो, की भोके पडून चुरा होतो, हे लिहून ठेवावे.

या परीक्षेने पेपर पचला असे सिद्ध होत नाही. ते प्रयोगशाळेत वायू मोजूनच कळते. परंतु वाईट पेपर मात्र यात लपत नाही, आणि शेतकऱ्याचा पैसा वाचविण्यास तेवढे पुष्कळ आहे.

आपल्या भागाचा वाटा

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. या मिश्रणांचा कच्चा माल आपल्याच शिवारात पिकतो. मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना दोंडाईच्यास आहे. ज्या उसापासून लॅक्टिक आम्ल मिळू शकते, तो शहादा तालुक्यात पिकतो व पुरुषोत्तमनगर येथे त्यासाठी सहकारी कारखाना उभारला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांच्या शास्त्राची दीर्घ परंपरा आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरी येथे पीएलए तयार करून दाखविणारे केंद्र सुरू झाले. माल आहे व विद्याही आहे. आपल्या मातीतील पाहणी तेवढी हवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि नंदुरबारच्या कृषि विज्ञान केंद्राने निरनिराळ्या मिश्रणांचे पेपर शहादा तालुक्यातील काळ्या जमिनीत किमान दोन वर्षे पाहावे, व त्यानंतरच खात्याने शिफारस करावी, असे मला वाटते.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्लॅस्टिक आच्छादनासाठी हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून त्याच्या निम्मे अनुदान ठेवले होते. अशा साह्याने पेपर अंथरण्यास चालना मिळाली, यात शंका नाही. यापुढे तो उचलण्याचा अथवा खात्रीने जिरण्याचाही विचार साह्याशी जोडला जावा, असे सुचवावेसे वाटते.

तोवर कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास तीन प्रश्न शिकवावे : यात कोणकोणते पदार्थ आहेत? प्रमाणपत्र मातीचे की कंपोस्टाचे? आणि माझ्या पिकास लागेल तेवढाच काळ हा टिकेल काय? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली तर एक-दोन गादीवाफ्यांवर तो पेपर अवश्य करून पाहावा. न मिळाली तर पाचट आहेच. त्याच्या जिरण्याविषयी कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. पेपर एका हंगामाचा आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची, हे लक्षात ठेवून निवड केल्यास नुकसान टळेल.